खोताच्या वाडीतली लाकडी घरं

दादरहून चर्चगेटची धीमी लोकल धरली की सहावं स्टेशन चर्नी रोड. तिथून चालत गिरगावात शिरलं की लागते खोताची वाडी. आपलं दादर-माटुंगा वसलं ते १८९६च्या प्लेगनंतर, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं रस्ते आखून दिले तेव्हा. ही वाडी त्याच्या शंभरएक वर्षं आधीची. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी इथल्या जमिनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकल्या आणि पोर्तुगीज वळणाची घरं उभी राहिली.

या घरांची खरी ओळख लाकूडकामात आहे. पुढे ऐसपैस व्हरांडा, वर जायला बाहेरूनच लाकडी जिना, कठडा असलेली गॅलरी, वर उतरतं कौलारू छप्पर. खिडक्यांना झिलमिल्या, पाऊस अडतो, वारा मात्र खेळता राहतो. मुंबईच्या दमट हवेत पंख्याच्या आधीच्या काळातल्या माणसांनी शोधलेली ही तोड आजही तितकीच चोख आहे.

शिवाय हे घर तुकड्यातुकड्यानं दुरुस्त होतं. तुळईचं टोक बहुधा भिंतीत ओल धरून कुजतं. जाणता सुतार तेवढाच भाग कापून नवं लाकूड सांधतो. अख्खी तुळई काढावी लागत नाही. घात होतो तो घाईच्या डागडुजीनं. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते आणि लाकडाला वाळवी लागते. असं घर मग ‘धोकादायक’ ठरायला वेळ लागत नाही.

मुंबईची वारसा नियमावली १९९५ची. वाडीला वारसा परिसर म्हणून मान्यताही आहे. तरी एकेकाळी ६५ घरं होती असं सांगतात, त्यांतली निम्मीही आज उरलेली नाहीत. मला वाटतं, वारसा म्हणून नोंद करणं सोपं. दर मे महिन्यात कौलं चाळण्याचा खर्च एकट्या कुटुंबानं सोसणं अवघड. दुरुस्तीसाठी पैसा आणि असं काम जाणणारे सुतार, दोन्ही मिळाल्याशिवाय नियमावलीचा उपयोग नाही.

तुमच्यापैकी कुणाचं गिरगावात, माझगावात किंवा गावाकडे असं घर असेल, तर पाडायचा निर्णय घेण्याआधी एकदा जुन्या बांधकामाच्या जाणकाराला आणि चांगल्या सुताराला तुळया दाखवा. आणि यंदा पावसाआधी कौलं नक्की चाळून घ्या.