सुखनाच्या काठी

युरोपात गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा भरतात. दोन मित्र बरोबरीने परदेशी जातात. परंतु काठावरची जागा चिठ्ठ्या टाकून ठरते, आणि दिवसभर एकमेकांपासून दूर बसावे लागते. सायंकाळी मासळीचे वजन होते व ती पुन्हा पाण्यात सोडली जाते.

चंदीगड उभारणाऱ्या दोन परदेशी स्थपतींची सोबत काहीशी अशीच होती. ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे हे नात्याने भाऊ १९५१ साली येथे आले. कॉर्बुझिए अधूनमधून येत व काही आठवड्यांत परत जात. जानरे मात्र १९६५ पर्यंत येथेच ठाण मांडून होते. कीर्ती एकाच्या वाट्याला आली, बैठक दुसऱ्याच्या.

१९५८ साली सुखना चो हा ओढा अडवून सरोवर झाले. १९६५ च्या ऑगस्टमध्ये कॉर्बुझिए भूमध्य समुद्रात पोहताना निवर्तले. जानरे १९६७ साली जिनीव्हात वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा १९७० साली सुखना सरोवरात विसर्जित करण्यात आली.

कीर्तीच्या तराजूत ज्यांचे पारडे हलके ठरले, तेच ह्या पाण्याशी कायमचे राहिले.