उतरलेले वजन: मेदाचे की मांसाचे?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठी भाषेने चरबी आणि मांस यांत एक सूक्ष्म भेद राखला आहे. अंगावर मूठभर मांस चढले, असे म्हटले की ते आनंदाचे लक्षण ठरते. चरबी चढली, असे म्हटले की ती उद्धटपणाची निंदा होते. बोलीने इतक्या काटेकोरपणे जपलेला हा भेद घरातल्या वजनकाट्याला मात्र कळत नाही. त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे मेद, मांस, हाडे, पाणी, इतकेच काय, नुकताच घेतलेला चहासुद्धा तो एकाच आकड्यात मिळवून दाखवतो. मध्यम वयात वजन उतरवू पाहणाऱ्यांची पुष्कळशी फसगत या एका आकड्यामुळे होते, आणि ती लगेच ध्यानात येत नाही.

वडोदऱ्यातील बावन्न वर्षांचे एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावेत. नोकरी बैठी, वाचन दांडगे, रविवारी शेव-उसळ किंवा फाफडा ठरलेला. मुलीचे लग्न ठरते, जुना सूट कपाटातून निघतो आणि पोटावर त्याचे बटण लागत नाही. मग निश्चय होतो. रात्रीचे जेवण बंद, सोमवार आणि एकादशी कडक, सकाळी सयाजीबागेत दोन फेऱ्या. चार महिन्यांत काटा आठ किलोंनी खाली येतो. आप्तेष्ट अभिनंदन करतात. एखादी वडीलधारी मावशी मात्र ‘बरं नव्हतं का रे?’ असे काळजीने विचारते. मावशीची नजर काट्याहून तीक्ष्ण असते. गाल बसलेले आहेत, पोटऱ्या हडकुळ्या झाल्या आहेत, आणि पोट आहे तिथेच, थोडे लहान होऊन, उभे आहे. लग्न पार पडते, जेवण पूर्ववत होते, आणि वर्षभरात नऊ किलो परत येतात. गेले होते त्यांत मेदाबरोबर मांसही होते. आले त्यांत बहुतांश मेदच आहे. काट्याच्या हिशेबाने गृहस्थ होते तेथे परतले; शरीराच्या हिशेबाने ते तोट्यात गेले.

केवळ खाणे तोडून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा मेदाव्यतिरिक्त शरीराचा, म्हणजे मुख्यतः स्नायूंचा आणि पाण्याचा असतो. उपासमारीत शरीर काय करते, याचा सर्वांत कसोशीचा अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ साली केला. छत्तीस निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पुन्हा पोटभर खायला मिळू लागल्यावर मेद लवकर भरून आला, मांस मागाहून. ती मुले तरुण होती आणि त्यांचे गेलेले मांस अखेरीस परतले. पन्नाशीतल्या माणसाला तेवढी सवलत मिळत नाही.

येथे एक रूढ समजूत बाजूला करावी लागते. वय वाढले की जठराग्नी मंदावतो, शरीर कमी ऊर्जा जाळते आणि म्हणून पोट सुटते, असे सर्वत्र सांगितले जाते. हर्मन पाँत्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाव्ययाची मोजणी प्रसिद्ध केली. शरीराचा आकार आणि त्यातील मेदविरहित भाग जमेस धरला, तर वीस ते साठ या वयांत ऊर्जेचा व्यय जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात आढळले. दोष वयाचा म्हणून टाकून देता येईल इतका सोपा नाही. बदलते ते हे, की हालचाल घटते, ताटातले काही घटत नाही, आणि न वापरलेले स्नायू दशकादशकाला काही टक्क्यांनी झिजत जातात. या झिजेला १९८० च्या दशकाअखेर अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे ग्रीक घडणीचे नाव दिले. मराठीत तिला मांसक्षय म्हणता येईल. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर मेदाची जागाही बदलते. मांड्यांवर साठणारा मेद कमरेभोवती जमू लागतो.

भारतीयांच्या वाट्याला आणखी एक अडचण आली आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडसडीत दिसणाऱ्या भारतीय देहातही मेद दडलेला असू शकतो, हे एका छायाचित्राने जितके पटवले तितके अनेक कोष्टकांनी पटवले नसते. म्हणूनच आपल्याकडे वजनापेक्षा कमरेचा घेर अधिक खरे बोलतो: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे.

हा विचार आपल्याला परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या देहांची चर्चा आहे आणि तिचा मुख्य भर अतिस्थूल व अतिकृश या दोघांवर आहे. अतिस्थूलाचे वर्णन करताना केवळ आकार सांगून ग्रंथकार थांबत नाही; देहाच्या वाढीच्या मानाने त्याच्यात उत्साह नसतो, हेही तो सांगतो. आणि उत्तम देह कोणता, हे सांगताना कृशतेची स्तुती न करता ज्याचे मांस प्रमाणबद्ध आणि बांधा घट्ट, अशाची तो स्तुती करतो: असा माणूस भूक, तहान, थंडी, ऊन आणि व्यायाम सहन करतो. स्थूलाच्या आहाराविषयी त्याचे सूत्र असे, की अन्न जड असावे, पण पुष्टी करणारे नसावे. पोटाला आधार मिळावा आणि मेदाला मिळू नये. पुढे जागरण, व्यायाम आणि चिंतन क्रमाक्रमाने वाढवावे, असेही म्हटले आहे. ग्रंथालयाच्या सभासदांनी यांतील चिंतन पूर्वीच पुरेसे वाढवलेले असल्याने व्यायामाकडे वळायला हरकत नाही. त्या ‘क्रमाक्रमाने’ या शब्दाकडेही दुर्लक्ष होऊ नये.

व्यायाम म्हणजे कोणता? पोटाचा मेद घालवण्यासाठी पोटाचेच व्यायाम करावेत, ही कल्पना फार लोकप्रिय आहे. टेनिस खेळणाऱ्याचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या कितीतरी पट राबतो. तरीही अशा खेळाडूंच्या दोन्ही हातांच्या त्वचेखालील मेदाची जाडी सारखीच असल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसले. मेद कोठून आधी निघावा हे शरीर ठरवते. आतड्यांभोवतीचा, अधिक घातक मेद तुलनेने लवकर हलतो. त्वचेखालचा, ओटीपोटावरचा आणि मांड्यांवरचा चिवट मेद सर्वांत शेवटी. त्या पेशींवर मेद मोकळा करणाऱ्या संदेशाला अटकाव करणारी ग्रहणकेंद्रे अधिक असतात. त्याला उपाय धीराचा आहे, पट्ट्याचा किंवा मालिशीचा नाही.

मांस राखण्याचा उपाय मात्र स्पष्ट आहे: स्नायूंना ओझे उचलायला लावणे. अमेरिकेत स्थूल ज्येष्ठ नागरिकांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. आहार कमी करण्याबरोबर कोणी चालण्यासारखा दमाचा व्यायाम केला, कोणी वजने उचलली, कोणी दोन्ही केले. तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले. पण मेदविरहित भाग पहिल्या गटात ५ टक्के घटला, वजने उचलणाऱ्यांत २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्के. आणि अंगच्या हालचालींची क्षमता दोन्ही करणाऱ्यांत सर्वांत जास्त सुधारली. सयाजीबागेतल्या फेऱ्या हृदयासाठी उत्तम आहेत, त्या चालूच राहाव्यात. पण त्या एकट्या पुरणार नाहीत. आता वय झाले, असे म्हणणाऱ्यांसाठी १९९० सालचा बॉस्टनचा दाखला पुरेसा आहे: नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक झाले.

हे सांगायला बॉस्टनपर्यंत जावे लागते, ही वडोदऱ्याच्या दृष्टीने थोडी खेदाची गोष्ट आहे. जुम्मादादांची व्यायामशाळा आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांचे हे शहर. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ येथेच, मराठीत तयार झाला. सुशिक्षितांनी त्या आखाड्याकडे पैलवानांची जागा म्हणून पाहिले आणि स्वतःसाठी सकाळचा फेरफटका राखून ठेवला. जोर आणि बैठका यांत स्वतःच्या शरीराचेच ओझे उचलले जाते. पन्नाशीत एकदम शंभर बैठकांच्या फंदात पडू नये. गुडघे लगेच तक्रार करतात. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याने भरलेली कळशी उचलून ठेवणे, एवढ्याने आरंभ होतो. आठदहा वेळा केल्यावर शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत. जड वाटेनासे झाले की ओझे वाढवावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि श्वास कोंडून ओझे कोणीच उचलू नये.

दुसरी बाजू स्वयंपाकघराची. स्नायू प्रथिनांचे बनतात आणि आपल्या शाकाहारी ताटात नेमकी तीच कमी पडतात. वजन उतरवताना स्नायू राखायचे तर शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. सत्तर किलोंच्या माणसाला चौऱ्याऐंशी ग्रॅम. चार पोळ्या, दोन वाट्या वरण, भात आणि वाटीभर दही मिळून चाळीसच्या आसपास पोचतात. उपवासाच्या दिवशी तर गणित कोसळते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटाची. तेल-तूप जमेस धरता ती साध्या जेवणाहून हलकी नसते, आणि स्नायूंना तिच्यातून फारसे काही मिळत नाही. हे सांगितल्याने एकादशीचे पुण्य कमी होत नाही. तिला वजन उतरवण्याचे साधन मानू नये, इतकेच. मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, पेलाभर दूध, शंभर ग्रॅम पनीर, चालत असल्यास दोन अंडी किंवा मासे यांनी उणीव भरून निघते. ही भर घालताना भात, साखर आणि तळण यांतून तेवढीच कपात करावी लागते. गुजरातच्या सहवासात आमटीतला गूळ थोडा अधिक झाला आहे, तो हात आखडण्याची ही संधी आहे. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे.

कपात किती करावी? दिवसाला चारपाचशे कॅलरी, म्हणजे आठवड्याला फार तर अर्धा किलो. एक किलो मेदात सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, तेव्हा याहून वेगाने जे उतरते ते सगळे मेद नव्हे, अशी शंका घ्यावी. भूक मंदावणारी नवी इंजेक्शने आता भारतातही मिळू लागली आहेत आणि ती मोठ्या प्रमाणावर वजन उतरवतात. परंतु त्यांतील सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ज्यांच्या शरीराची घडण तपासली गेली, त्यांच्या उतरलेल्या वजनात सुमारे चाळीस टक्के भाग मेदविरहित होता. डॉक्टरांनी दिलेले औषध अवश्य घ्यावे. बैठकांची आणि उसळीची गरज त्याने संपत नाही, उलट वाढते.

आता ते बावन्न वर्षांचे गृहस्थ पुन्हा आठवावेत. या वेळी त्यांनी काटा पलंगाखाली ढकलला आणि शिंप्याकडची फीत घेतली. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, पोट आत न ओढता बेंबीवरून घेर मोजायचा, आणि अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते वहीत लिहायचे. सहा महिन्यांनी काटा पाहिला तर फक्त चार किलो उतरलेले. ते खट्टू झाले. त्याच आठवड्यात सूट घेऊन ते शिंप्याकडे गेले. त्याने विजार कमरेत दोन इंच आत घेतली, कोटाचे खांदे चाचपून पाहिले आणि तेथे काही करायला नको म्हणून कोट तसाच परत दिला.