माफीनं भागत नाही


अमेरिकेतली हकीकत ऐका. २००७ सालच्या ३ एप्रिलला रटगर्स विद्यापीठाच्या पोरी बास्केटबॉलचा अंतिम सामना हरल्या. बहुतेक काळ्या. दुसऱ्याच दिवशी डॉन आयमस ह्या बड्या रेडिओवाल्यानं त्यांच्या केसांवरून, अब्रूवरून त्यांना हिणवलं. आधी म्हणाला, गंमत केली. लोक खवळले तेव्हा माफी मागितली. जाहिरातदार पळाले, अन् १२ एप्रिलला सी.बी.एस. कंपनीनं त्याला काढलं. पण त्याच डिसेंबरात तो दुसऱ्या स्टेशनावर पुन्हा बोलू लागला!

आम्ही कामगार संपातून हेच शिकलो: एक दिवस फाटक बंद पाडून मालक वठणीवर येत नाही. माणसाच्या कातडीची टवाळी कुठंही होवो, संताप आठ दिवसांत विझता कामा नये. एकजूट कायम जागी पाहिजे!