डोंगराचे माप आणि माणसाचा जीव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वरोर येथे केलेले भाषण)



ड्रोन या उडत्या यंत्राने दरडींचे माप कसे घेतात, हा विषय आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. समुद्रकाठच्या वरोर गावात बसून दरडींची चर्चा कशाला, असे कोणी मनात म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, आपल्या तालुक्याच्या पश्चिमेस जसा समुद्र आहे, तसे पूर्वेस डोंगर आहेत. आपल्या चिकूच्या वाड्यांत खपणारे कितीतरी हात त्याच डोंगरपट्टीतील पाड्यांवरून येतात. आपल्या लेकी घाटापलीकडे नांदतात, आपली मुले नोकरीनिमित्त घाटाची वाट चढतात. तेव्हा डोंगर परका मानण्याची सोय आपणांस उरलेली नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या महाराष्ट्रावर ओढवलेले तीन प्रसंग आठवावेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव सकाळच्या प्रहरी डोंगराखाली गडप झाले आणि दीडशेच्या वर माणसे प्राणास मुकली. तेथून जाणाऱ्या एस.टी.च्या चालकास नेहमीचे गाव जागेवर दिसेना, तेव्हा कोठे जगाला वार्ता कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच सुमारास महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसांचा शोध लागलाच नाही. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात, हवा खराब असल्याने हेलिकॉप्टर उडेना. मदतीस धावलेली माणसे चिखलातून पायी चढून गेली.

या शेवटच्या प्रसंगातील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. इर्शाळवाडी ही दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादी होती, पण त्या यादीत ती वाडी नव्हती! हे कसे घडते, हे समजून घेतले म्हणजे ड्रोनचे महत्त्व आपोआप कळेल.

१८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने २०१४ पासून देशभरातील डोंगराळ मुलखाचे दरडींच्या दृष्टीने नकाशे करण्याचे मोठे काम हाती घेतले. हे नकाशे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे आहेत. शाळेतील भूगोलाचा धडा आठवून हिशेब करावा. अशा नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील पाचशे मीटर. मग शंभर मीटर रुंदीची एखादी वाडी त्या कागदावर किती जागा घेईल? अवघे दोन मिलिमीटर! एका तांदळाच्या दाण्याहून लहान. कोणता डोंगर एकंदरीत धोक्याचा, हे असा नकाशा सांगतो. कोणत्या घरामागील उतारास भेग पडली आहे, हे त्यास सांगता येत नाही. तो त्याचा दोष नव्हे, ते त्याचे कामच नव्हे. ती उणीव ड्रोन भरून काढतो.

आता हे यंत्र काम कसे करते ते पाहू. शेतकरी जसा तासाला तास लावून नांगरतो, तसा ड्रोन डोंगरावरून समांतर रेषांत फिरतो आणि थोड्या थोड्या अंतरावर छायाचित्रे घेतो. प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा बराचसा भाग पुन्हा आलेला असतो. एकच दगड दोन जागांवरून पाहिला म्हणजे त्याची उंची काढता येते. आपले दोन डोळे हेच काम जन्मभर करीत असतात. जमिनीवर काही खुणा आधीच मांडून त्यांचे स्थान उपग्रहाच्या साहाय्याने नेमके मोजलेले असते. त्या खुणांच्या आधाराने संगणक शेकडो छायाचित्रे जुळवितो आणि डोंगराची हुबेहूब प्रतिकृती उभी करतो.

आपल्या वरोर-चिंचणीच्या डायमेकर बंधूंस हे अधिक सोपे करून सांगण्याची गरज नाही. कागदावर काढलेल्या नक्षीस लांबी-रुंदी असते, खोली नसते. तीच नक्षी पोलादात कोरली म्हणजे तिला खोली येते, आणि सोन्याचा पत्रा त्यावर ठोकला की दागिना उठतो. साधे छायाचित्र म्हणजे कागदावरची नक्षी. ड्रोनच्या मापातून उभा राहतो तो कोरलेला डाय. उतार किती उभा, ओहळ कोठून वाहतो, जमीन कोठे खचली आणि कोठे फुगली, हे सारे त्यात उमटते.

खरा लाभ याच्याही पुढचा आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, असे दोन वेळा माप घेऊन एकातून दुसरे वजा केले म्हणजे डोंगर किती हलला ते कळते. दरड कोसळल्यावरही हाच हिशेब उपयोगी पडतो. समजा, मलबा शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि सरासरी तीन मीटर जाड आहे. तर तो पंधरा हजार घनमीटर झाला. एका मालमोटारीत दहा घनमीटर माती मावते असे धरल्यास दीड हजार खेपा झाल्या. वर अजून किती दगडमाती लोंबकळत आहे आणि मदत करणाऱ्यांनी कोठे पाऊल टाकू नये, हेही माणूस वर न चढविता दिसते. ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड येथे भयंकर दरडी कोसळल्या, तेव्हा शोधकार्यात ड्रोनचा उपयोग करण्यात आला.

तथापि, यंत्रास देव मानू नये. धो धो पावसात, दाट धुक्यात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात लहान ड्रोन निकामी ठरतो. आणि दरडी नेमक्या अशाच वेळी कोसळतात. गर्द झाडी असेल तर छायाचित्रात झाडांचे शेंडेच दिसतात. पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचणारे लेसर किरणांचे साधन असते, पण ते महाग पडते. आणि मातीच्या पोटात किती पाणी मुरले आहे, हे तर वरून दिसतच नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर बसलेला असतो. पाणी मुरले की त्याचे वजन वाढते आणि कणाकणांची एकमेकांवरील पकड सुटते. डोंगर कोसळतो तो असा.

म्हणून डोंगराखाली राहणाऱ्या माणसाचा डोळा हेच पहिले साधन होय. उतारावर नवी भेग पडणे, झाडे अथवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नवाच झरा फुटणे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे, या खुणा पाड्यावरील म्हातारीसही दिसतात. आपले नाखवे आभाळाचा रंग पाहून होडी मागे वळवीत असत. पुढे वेधशाळेचे इशारे आले, म्हणून त्यांनी आभाळाकडे पाहणे सोडले नाही. दोन्हींचा मेळ घातला. डोंगराच्या बाबतीत तोच मेळ घालावयाचा आहे. माणसाने भेग दाखवावी, ड्रोनने तिचे माप घ्यावे, तज्ज्ञाने अर्थ सांगावा, आणि तो अर्थ पावसापूर्वी त्या घरापर्यंत पोहोचावा. यांतील शेवटचा दुवा तुटला तर पहिले तिन्ही व्यर्थ होत.

आपल्या डहाणू-तलासरी भागास याचे अगत्य विशेष आहे. धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि कित्येक कुटुंबांनी ऐन थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. अशा हादऱ्यांनी उतारांवर काही परिणाम झाला आहे काय, हे मोजल्यावाचून कळणार नाही. भय पसरविण्याचा आमचा हेतू नाही. न मोजता निर्धास्त राहणे आणि न मोजता घाबरणे, दोन्ही सारखीच अज्ञानाची लक्षणे आहेत.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते आणि घरमालकांस मालमत्तेचे पत्रक मिळते. घराची हद्द ठरविण्यास जे यंत्र गावात येऊ शकते, ते त्या घरामागचा डोंगर मोजण्यास का येऊ नये? हा प्रश्न ग्रामसभेत रीतसर ठरावाच्या रूपाने विचारला जावा.

आपल्या मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, आपल्या शिक्षण निधीतून दरवर्षी एका होतकरू मुलास वा मुलीस ड्रोन चालविण्याच्या शिक्षणासाठी साहाय्य द्यावे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे वैमानिकाच्या प्रमाणपत्रास अठरा वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण एवढे पुरते. म्हणजे आम्हांसारख्या मॅट्रिकवाल्याचेही शिक्षण त्यास पुरेसे आहे. केवळ वयाची पासष्टीची मर्यादा आमच्या आड येऊ पाहते! दुसरी, मृगापूर्वी आपल्या तरुणांनी पूर्वेकडील पाड्यांवर जाऊन धोक्याच्या खुणा तेथील बांधवांच्या बोलीत समजावून द्याव्यात, आणि त्यांनी दाखविलेल्या भेगांची नोंद करून ती तहसील कचेरीत लेखी पोहोचवावी. तिसरी, जेथे धोका ठरेल तेथील कुटुंबांस पावसाच्या दिवसांत निवाऱ्यासाठी आपले सभागृह उघडे असावे.

ज्ञातीची संस्था ज्ञातीसाठी असते, हे खरे. पण ज्यांच्या श्रमावर आपल्या वाड्या फुलल्या, त्यांच्या डोक्यावरील डोंगर आपल्या हिशेबात धरला नाही, तर तो हिशेब अपुरा म्हणावा लागेल. यादीतून एक वाडी सुटली तर काय होते, हे इर्शाळवाडीने दाखविले आहे. आपल्या तालुक्यातील एकही पाडा तसा सुटू नये, एवढेच आमचे मागणे आहे.