कुठून, कुठे



लातूरच्या आडतीत दिवाळीला आजही वहीपूजन होतं. हिशेब टॅलीत असला तरी हळदकुंकू वहीलाच. वही भिजली तर उन्हात वाळवता येते. हार्डडिस्क गेली की कोपऱ्यावरचा पोरगा म्हणतो, ‘विंडोज मारून देतो.’ विंडोज येतं. पाच वर्षांची उधारी येत नाही.

यावर उपाय क्लोनिंगचा. विंडोज, टॅली, श्रीलिपीचे फॉन्ट, सगळ्या सेटिंगसह आख्खी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला मोफत मिळतं. ते पेनड्राइव्हवरून चालतं, आणि जिथे डेटा आहे तेवढाच भाग उचलतं. ते दिसायला रूक्ष आहे, पण विचारतं नेमकं: कुठून, कुठे?

इथेच मी फसलो. नांदेडला माझं डीटीपीचं काम. दोन डिस्का, एकाच कंपनीच्या, दोन्ही पाचशे जीबी. एक कामाची, एक नुकतीच फॉरमॅट मारलेली. प्रोग्रामने दोनदा विचारलं, खात्री आहे का? दोन्हीदा मी ‘वाय’ दाबलं. काम पाचेक मिनिटांत उरकलं, इतकं लवकर म्हणून मी खूषही झालो. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली होती. सगळ्या लग्नपत्रिका गेल्या!

आता मी आधी दोन्ही डिस्कांचे सीरियल नंबर चिठ्ठीवर लिहितो आणि स्क्रीनवरच्या नंबरांशी ताडून मगच पुढे जातो. विंडोज पूर्ण बंद करतो, हायबरनेट नाही. लाइटचा भरवसा नाही, म्हणून यूपीएस लावतो. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान घेत नाही. झाल्यावर जुनी काढून नवीवरून कॉम्प्युटर सुरू करून पाहतो. दोन्ही जुळ्या एकदम जोडल्या तर त्याचा गोंधळ उडू शकतो.

आणि क्लोनमध्ये व्हायरसही जसाच्या तसा उतरतो. म्हणून इमेज बरी: सगळी डिस्क दाबून एका फोल्डरात, वर तारीख. मोठ्या डिस्कवर अशा तीन-चार तारखा मावतात. परवाची बिघडलेली निघाली तर मागच्या महिन्याची असते.

फक्त ती डिस्क घरातल्याच कपाटात नको. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाची पहाट किल्लारीकडच्या माणसांना आठवते; घर पडतं तेव्हा कपाटही पडतं. माझी डिस्क लातूरला लेकीकडे असते, तिची माझ्याकडे. दर दिवाळीला ती येते तेव्हा फराळाच्या पिशवीतून डिस्का बदलतात. चिठ्ठी मात्र मी माझ्या हाताने चिकटवतो.