तिसरी खुर्ची



वसाहतीवर स्वामित्व कोणाचे, याची बोलणी दोन सरकारांत होतात. त्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या जातात. ज्यांच्या भूमीविषयी ती बोलणी चालतात, त्या लोकांची तिसरी खुर्ची कोठे असते, एवढेच आज आम्हांला पाहावयाचे आहे.

प्रथम पाँडिचेरी घेऊ. लोकांनीच निर्णय करावा, हे तत्त्व फ्रान्सने १९४८ सालीच मान्य केले होते. तो कसा घ्यावा, यावर मात्र सहा वर्षे घासाघीस चालली. अखेर १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर गावी १७८ लोकप्रतिनिधींनी मते दिली; १७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली. १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. स्वामित्वाच्या तहावर १९५६ साली सह्या झाल्या आणि फ्रान्सची अंतिम मंजुरी १९६२ साली मिळाली. घर आधी राहावयास दिले, खरेदीखत आठ वर्षांनी नोंदले! पण रक्त सांडून ते घ्यावे लागले नाही.

आता गोवा. भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालपुढे बोलण्यांचा प्रस्ताव ठेवला. लिस्बनचे उत्तर असे की, हा चर्चेचा विषयच नव्हे. १९५१ साली त्यांनी घटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणावयास आरंभ केला. नाव बदलले की प्रश्न मिटला! १९५३ साली भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य गेले. पोर्तुगालने भारताचे स्वामित्व मान्य केले ते तेथील हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने.

येथवर टाळ्या वाजवणे सोपे आहे. पण पुढची गोष्ट आमच्याच अंगावर येते. भाषा एक, देव एक, मग गोवा महाराष्ट्रात यावयाचाच, असे आपल्याकडे पुष्कळांनी गृहीत धरले होते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना विचारले गेले. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्याला १,७२,१९१. लिस्बनने जी खुर्ची कधी मांडलीच नाही, ती भारताने मांडली; आणि तीवर बसलेल्यांनी आम्हांलाच नकार दिला.

तो नकार तेव्हा अनेकांना बोचला. परंतु आपल्याला हवे तेच उत्तर मिळणार असेल तरच लोकांना विचारावयाचे, तर लिस्बनमध्ये आणि आमच्यात अंतर ते काय उरले? घरी जाताना याचा विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.