गळक्या इंजेक्टरची परीक्षा



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं कारखान्यांतल्या माणसाचा वाटेल, घरांतल्या माणसाचा वाटणार नाहीं. परंतु ज्या कुटुंबांत वडिलांच्या हातची एखादी जुनी डिझेल जीप अजून जपून ठेवलेली आहे, त्या कुटुंबास हा विषय केव्हां ना केव्हां भेटतोच. गाडी सकाळीं सुरू होतांना पांढरा धूर सोडूं लागते, चढावर काळा धूर ओकते, इंजिनांत हातोडी मारल्यासारखा ठोका पडतो, आणि दुरुस्तीवाला बॉनेट उघडून दोन मिनिटें कान देतो व सांगतो, "गुरुजी, नोझलें गेलीं, चारीहि बदलावीं लागतील." या वाक्यास होकार देण्यापूर्वीं गृहस्थानें काय पाहावें व काय विचारावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. माझा सारा जन्म शाळेंत गेला. परीक्षा घेतल्यावांचून मुलास नापास ठरवूं नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तोच नियम यंत्राच्या सुट्या भागांसहि लागू पडतो, असें माझें मत आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडील जुन्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर बहुधा नसतो. मुंबईची टॅक्सी म्हणून जी नांवाजली, त्या प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनास कार्बोरेटर असे. मुंबईंत माझगांव येथें महिंद्र कंपनीनें विलिस जीप जोडून तयार करण्यास आरंभ केला, ती जीपहि पेट्रोलवरच चालणारी होती. पुढें याच वंशांतील जीपांना डिझेल इंजिनें बसलीं, व त्यांपैकीं प्यूजो या फ्रेंच कारखान्याच्या नमुन्याचें इंजिन खेड्यापाड्यांत घरोघर ओळखीचें झालें. म्हणून आमच्या कुरुंद्यासारख्या गांवीं जुन्या गाडीचा इंजेक्टर म्हटला, कीं बहुधा डिझेल जीपच डोळ्यांपुढें उभी राहते.

डिझेल हें मूळ एका माणसाचें आडनांव, हें पुष्कळांस ठाऊक असेल. रुडोल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९२ मध्यें आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला, व १८९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. त्याच्या इंजिनांत तेल आंत फुंकण्यास दाबलेली हवा लागे, व त्या हवेसाठीं निराळें अवजड यंत्र जोडावें लागे. असें इंजिन मोटारींत बसणें कठीण होतें. १९२७ मध्यें रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतून तेल ढकलणारे लहान पंप मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागले, तेव्हां ही अडचण दूर झाली. आणि १९३६ मध्यें मर्सिडिझ-बेंझची २६० डी ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार लोकांपुढें आली. पुढें त्याच बॉशच्या भारतीय शाखेनें आपल्या नाशिकास सातपूर येथें कारखाना काढून नोझलें व इंजेक्टर बनविले. म्हणजे ही वस्तु मराठी माणसास परकी राहिलेली नाहीं.

आतां ही वस्तु करते काय, तें पाहूं. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येतो व हवा आपल्या मूळ जागेच्या विसाव्या-बाविसाव्या हिश्शांत दाबतो. या दाबानें हवा इतकी तापते, कीं तिची उष्णता ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर जाते. नेमक्या त्या क्षणीं इंजेक्टरनें तेलाचा धुक्यासारखा फवारा मारावयाचा, आणि तो आपोआप पेट घ्यावयाचा. इंजेक्टरच्या टोंकाशीं जें नोझल असतें, त्याच्या पोटांत एक सुई असते. एक स्प्रिंग तिला आसनावर दाबून धरते. पंपाकडून आलेल्या तेलाचा दाब ठराविक मर्यादेस पोंचला, कीं सुई उचलली जाते व फवारा सुटतो. दाब उतरला, कीं ती तत्क्षणीं बंद होते. जुन्या जीपांच्या इंजिनांत ही मर्यादा साधारणपणें १०० ते १५० बार, म्हणजे आपल्या सभोंवारच्या हवेच्या दाबाच्या सुमारें शंभर ते दीडशे पट असते. नेमका आंकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकांत दिलेला असतो, व तोच प्रमाण मानावा. इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असेल, तर एकेक सुई मिनिटास १००० वेळां उघडते व मिटते. सुई आणि तिचें घर यांमधील मोकळी जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अवघी दोन-तीन पट असते. माणसाचा केस या जागेच्या वीसपट तरी जाड भरेल.

अशी नाजूक सुई आसनावर नीट बसेनाशी झाली, म्हणजे फवाऱ्याच्या मागून एखादा थेंब ओघळतो. हा थेंब क्षुल्लक नव्हे. तो वेळ टळून गेल्यावर जळतो, व अर्धवट जळतो. त्यांतून काळा धूर, काजळी व ठोका उत्पन्न होतो. जो भाग जळतच नाहीं, तो सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन टाकतो आणि खालच्या इंजिन-तेलांत उतरून तें पातळ करतो. वंगण पातळ झालें, कीं बेअरिंगें झिजतात. आणि एकाच जागीं तेल पेटत राहिलें, तर पिस्टनच्या माथ्यास भोंक पडल्याचींहि उदाहरणें आहेत. काडीनें इंजिन-तेल मोजतांना तें कमी होण्याऐवजीं वाढलेलें दिसलें व त्यास डिझेलचा वास आला, तर हर्ष न मानतां सावध व्हावें.

तथापि, "इंजेक्टर गळतो" या दोन शब्दांत निरनिराळीं दुखणीं लपलेलीं असतात. पंपाकडून येणाऱ्या नळीच्या नटापाशीं तेल पाझरतें, हें पहिलें. येथें बहुधा नट किंवा नळीचें टोंक दोषी असतें. जास्तीचें तेल टाकीकडे परत नेणाऱ्या बारीक नळीपाशीं ओल दिसते, हें दुसरें; येथें थोड्या पैशांची नळी किंवा वायसर बदलला, कीं काम भागतें. इंजेक्टरच्या बुडाशीं फुसफुस आवाज येतो व काजळीचें कडें जमतें, हें तिसरें. तेथें तेल गळत नसून तांब्याच्या वायसरजवळून सिलिंडरांतला वायु निसटत असतो. आंतल्या आंत सुईच्या आसनावरून थेंब ओघळतो, हें चौथें. आणि नोझल बदलावें लागतें तें मुख्यत्वें या चौथ्या दुखण्यांत. म्हणून प्रथम इंजिन स्वच्छ पुसून कोरडें करावें, तें चालवावें आणि ओल कोठें उमटते तें डोळ्यांनीं पाहावें.

आंतल्या गळतीचा शोध घेण्याची एक जुनी व खात्रीची रीत आहे. इंजिन मंद गतीनें चालूं ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट, भोंवतीं फडकें धरून, पान्यानें अर्धा फेरा सैल करतात. त्या सिलिंडरचें तेल तुटतें. इंजिन लगेच लंगडूं लागलें, तर तो सिलिंडर आपलें काम करीत होता असें समजावें. कांहींच फरक न पडला, किंवा उलट ठोका व धूर थांबला, तर दोष तेथेंच आहे. पण दोष इंजेक्टरचा कीं सिलिंडरचा, हें एवढ्यानें ठरत नाहीं. यासाठीं संशयित इंजेक्टर, नवे वायसर घालून, शेजारच्या सिलिंडरांत बसवावा. दोष त्याच्याबरोबर गेला, तर इंजेक्टर अपराधी. दोष जागच्या जागीं राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा तपासाव्या. एवढी साधी तर्कशुद्ध पायरी वगळल्यामुळें किती कुटुंबांचे पैसे वायां जात असतील!

येथें दोन इशारे द्यावयाचे आहेत, व ते मी मुद्दाम सावकाश देतों. पहिला असा, कीं नट सैल करण्याची ही रीत फक्त जुन्या पंपाच्या इंजिनांसाठीं आहे. १९९७ पासून मोटारींत आलेल्या कॉमन-रेल पद्धतींत दाब हजार बारच्याहि वर चढतो. तेथें चालत्या इंजिनाची नळी कोणींहि सैल करूं नये. दुसरा इशारा सर्वांसाठीं आहे. नोझलमधून सुटणाऱ्या फवाऱ्याखालीं हात कधींहि धरूं नये. तें तेल कातडी भेदून आंत शिरतें. बाहेर सुई टोंचल्याएवढी खूण दिसते, दुखतेंहि थोडें, आणि मनुष्य त्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु आंत मांस सडूं लागून बोट किंवा हात कापण्याची पाळी येऊं शकते. असें झालें, तर हळद दाबून घरीं बसूं नये. त्याच घटकेस शस्त्रवैद्याकडे जावें, व आंत डिझेल शिरलें आहे हें त्यांस स्पष्ट सांगावें.

पक्की परीक्षा होते ती टेबलावर. डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याकडे हातानें दाबावयाचा एक पंप असतो व त्यास दाब दाखविणारें घड्याळ जोडलेलें असतें. त्यावर इंजेक्टर चढवून पुढील प्रश्न विचारावयाचे. सुई किती दाबाला उघडते? उघडण्याच्या दाबाहून सुमारें २० बार कमी दाब १० सेकंद धरून ठेवला, तर टोंकाशीं थेंब धरतो काय? किंचित् ओलावा चालतो. पडणारा थेंब चालत नाहीं. फवारा धुक्यासारखा व सरळ आहे, कीं एका बाजूस धार जाते? दांडा हळूं दाबतांना सुई करकर बोलते कीं मुकी राहते? आणि हात थांबविल्यावर घड्याळाचा कांटा सावकाश उतरतो कीं धाडकन् कोसळतो? पहिल्या प्रश्नांत उणा पडलेला इंजेक्टर बहुधा पातळ चकती घालून किंवा स्क्रू पिळून सुधारतो. थेंब धरणारें नोझल आधीं स्वच्छ करून पुन्हा परीक्षेस बसवावें, आणि दुसऱ्यांदाहि नापास झालें तरच बदलावें. मालकानें या वेळीं दुकानाबाहेर चहा पीत न बसतां टेबलापाशीं उभें राहावें. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाहीं. आपली विद्या कोणी लक्ष देऊन पाहतो, याचा त्याला आनंदच होतो.

आमच्या गांवचें एक उदाहरण सांगतों. २०२२ च्या जुलैमध्यें अतिवृष्टीनें कुरुंद्यांत पूर शिरला व घराघरांत पाणी भरलें. हळदीचा व्यवहार करणाऱ्या एका शेतकऱ्याची जुनी जीप त्या पाण्यांत उभी राहिली. पुढें ती धूर सोडूं लागली, तेव्हां एका दुरुस्तीवाल्यानें न तपासतां चारी नोझलें नवीं घातलीं. महिन्याभरांत नवींहि गळूं लागलीं. मग दुसऱ्या एका वयस्क कारागिरानें टाकीच्या तळाचा बूच काढला, तों आधीं गढूळ पाणी आलें आणि मागून डिझेल. पाणी डिझेलहून जड. तें तळाशीं बसतें, व तेथूनच नळी तेल ओढते. सुईला वंगण मिळतें तें डिझेलचेंच. त्याच्या जागीं पाणी व गाळ आला, कीं आसन गंजतें व खरवडतें. टाकी धुतली, फिल्टर बदलला, चार इंजेक्टर टेबलावर तपासले. दोन साफ करून उत्तीर्ण झाले. दोहोंचींच नोझलें बदलावीं लागलीं. तेव्हांपासून ती जीप ठीक चालते. नोझल बदलण्यापूर्वीं तें कशानें बिघडलें हें पाहिलें नाहीं, तर नव्या नोझलाचीहि तीच गत होते.

बदलण्याच्या कामांत पथ्यें थोडीं, पण कडक आहेत. इंजेक्टर काढण्यापूर्वीं त्याच्या भोंवतालची धूळ झाडावी, आणि उघड्या नळ्यांच्या तोंडांस स्वच्छ टोपणें लावावीं. तांब्याचा जुना वायसर पुष्कळदां खालीं भोंकांतच चिकटून राहतो. तो काढल्यावांचून नवा घातला, तर इंजेक्टर उंच बसतो व वायु निसटतो. वायसर दरवेळीं नवाच वापरावा. सुई व तिचें घर ही घासून जुळविलेली जोडी असते. एकीची सुई दुसरीच्या घरांत कदापि घालूं नये. काजळी पितळी ब्रशानें व स्वच्छ डिझेलनें काढावी. पोलादी तार व कांचकागद वर्ज्य. आमच्या गांवाच्या नांवाशीं जुळणारा 'कुरुंद' हा शब्द धार लावण्याच्या कठीण दगडाचा वाचक आहे, आणि व्हॉल्व्ह घासण्याच्या लेपांत असलीच कठीण पूड असते. ती पूड घेऊन कोणी नोझलची सुई घासूं लागला, तर त्याचा हात नम्रपणें धरावा. कारण त्या घासण्यानें हजारांशाची ती जुळणी कायमची जाते. शेवटीं सर्व नट पुस्तकांतील मापानें आंवळावे व नळ्यांतील हवा काढून मगच इंजिन सुरू करावें.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? चारी नवीं घातलीं म्हणजे झालें. ज्याला परवडतें त्यानें तसें अवश्य करावें. परंतु तींहि टेबलावर तपासूनच बसवावीं, कारण नवें म्हणून आणलेलें प्रत्येक नोझल निर्दोष असतेंच असें नाहीं. आणि ज्याला परवडत नाहीं, त्याची जीप धुरामुळें प्रदूषणाच्या तपासणींत अडकते, अंगणांत उभी राहते, व एके दिवशीं भंगाराच्या भावानें जाते. खरें पाहतां तिचें दुखणें कधीं कधीं एका वायसराचें किंवा वाटीभर पाण्याचें असतें. आपल्या घरीं अशी गाडी असेल, तर पुढच्या खेपेस दुरुस्तीवाल्यास एवढेंच म्हणावें, "बदलूं या, पण आधीं मला दाखवा."